शहरातील तळे आणि शहाणा मासा

न्यूयॉर्क शहरातील सेंट्रल पार्क या विस्तीर्ण उद्यानाच्या ईशान्य कोपऱ्यात हार्लेम मीर नावाचे सुमारे ११ एकरांचे एक तळे आहे. तळ्याच्या एका अंगाला रहदारीचा रस्ता, दुसऱ्या अंगाला झाडी, आणि सभोवार फिरावयास आलेल्या माणसांची वर्दळ. या पाण्यात मासे आहेत आणि ते गळाने धरण्याची मुभाही आहे. मात्र अट अशी, की धरलेला मासा पाण्यात परत सोडलाच पाहिजे. गळाला उलटा काटा असता कामा नये, आणि दोराला शिशाचे वजन बांधता कामा नये. अमेरिकेतील कित्येक शहरांतून अशी तळी आहेत. कोठे ती उद्यानाच्या शोभेसाठी राखलेली असतात, कोठे पावसाचे पाणी साठविण्यासाठी खणलेली असतात, तर कोठे नगराला पिण्याचे पाणी पुरविण्यासाठी बांधलेली असतात. त्यांच्या काठी गळ घेऊन उभ्या राहणाऱ्या बहुतेकांचे लक्ष ज्या माशाकडे असते, त्याचे नाव बास.

बास म्हणजे मोठ्या तोंडाचा, हिरवट अंगाचा आणि कुशीवर काळसर पट्टा असलेला गोड्या पाण्यातील शिकारी मासा. त्याच्या जबड्याचे टोक डोळ्याच्याही मागे जाते. आपल्याकडच्या तळ्यांतील मरळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्याची रीत समजावून सांगण्याची गरज नाही. कुळ निराळे असले तरी धंदा एकच: शेवाळात, बुडालेल्या फांदीखाली किंवा धक्क्याच्या सावलीत दबा धरून बसावयाचे, आणि भक्ष्य आटोक्यात आले की एकाएकी तोंड उघडून पाण्यासकट ते आत ओढावयाचे. मत्स्यन्याय हा शब्द आपल्या राजनीतीच्या ग्रंथांतून आला असला, तरी त्याचा मूळ अर्थ पाहावयाचा असेल तर अशा तळ्याच्या काठी घटकाभर बसावे.

प्रश्न असा, की ज्या तळ्यात दररोज पाच-पन्नास गळ पडतात, त्या तळ्यातील मासा गळ ओळखू लागतो काय? काठावरच्या मंडळींचे यावर एकमत आहे. परंतु काठावरच्या मंडळींचे म्हणणे शास्त्राच्या कसोटीस उतरतेच असे नाही. सुदैवाने या बाबतीत इलिनॉय राज्यात एक दीर्घ प्रयोग झालेला आहे. चार्ल्सटन गावाजवळच्या रिज लेक या लहानशा तलावात १९७५ मध्ये या कामास आरंभ झाला. तेथे गळ टाकण्यासाठी आधी वेळ राखून ठेवावी लागे, आणि धरलेला प्रत्येक मासा मोजून, खूण बांधून पाण्यात सोडला जाई. चार वर्षे अशी नोंद ठेवल्यावर तलाव रिकामा करण्यात आला, तेव्हा १७००हून अधिक बास हाती आले. नोंदी पाहता असे आढळले, की एक मासा पहिल्या दोन दिवसांतच तीनदा गळाला लागला होता, तर दुसरा एका वर्षात सोळा वेळा. आणि त्याच पाण्यात, त्याच चार वर्षांत, सुमारे २०० मासे असे होते की जे एकदाही गळाला लागले नव्हते.

डेव्हिड फिलिप आणि त्यांचे सहकारी यांनी पुढे या दोन टोकांच्या माशांची संतती निरनिराळी वाढविली आणि काही पिढ्यांपर्यंत तिची परीक्षा घेतली. त्यांचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. गळाला सहज लागणे हा गुण काही अंशी आईबापांकडून संततीत उतरतो, असे त्यांना आढळले. म्हणजे मासा नुसता अनुभवानेच शहाणा होतो असे नव्हे. काही जन्मतःच सावध असतात. आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील संशोधनाने एक चटका लावणारी गोष्ट दाखविली. बास माशांत अंड्यांची राखण नर करतो. गळावर चटकन झेप घेणारे नर हेच घरट्याची राखण अधिक हिरिरीने करणारे असतात, असे त्यात दिसून आले. भोळा म्हणून ज्याला आपण हसतो, तोच उत्तम बाप! तेव्हा वर्दळीच्या तळ्यातून मासे उचलून घरी नेले, तर मागे कोण उरणार हे उघड आहे.

अशा तळ्यात जे मोठे मासे उरतात त्यांच्यासमोर वर्षानुवर्षे एकाच जातीचा माल मांडला गेलेला असतो. बोटाएवढा रबरी किडा, चकचकीत पातळ पत्रा, लहानसा बेडूक; दुकानात जे स्वस्त आणि सोपे मिळते तेच हजारो हातांनी पाण्यात पडते. या परिस्थितीत दोन उपाय संभवतात. एक असा, की दोर अधिक बारीक घ्यावा, आमिष अधिक लहान करावे आणि माशाच्या नजरेत येईल असे काहीच ठेवू नये. बहुतेक लोक हाच मार्ग धरतात, आणि त्यांना मासे मिळतातही. पण ते वीतभर लांबीचे. दुसरा उपाय बरोबर उलट आहे. आमिष इतके मोठे करावयाचे की पाहणाऱ्याला हसू यावे: आठ-दहा इंच लांब, कधी कधी फूटभर, आणि वजनाने दोन औंसांपासून थेट पावशेरापर्यंत. या आमिषाला स्विमबेट म्हणतात. दोर ओढताच खऱ्या माशासारखा अंग वळवीत पोहणारा हा खोटा मासा असतो.

हे वेड सामान्यतः दक्षिण कॅलिफोर्नियात वाढले, आणि त्याला तसेच कारण घडले. तेथील मूळच्या तळ्यांत बास नव्हताच. तो बाहेरून आणलेला. १९५९ मध्ये सॅन दिएगो शहराच्या अप्पर ओटाय जलाशयात फ्लॉरिडातील बास आणून सोडण्यात आले. फ्लॉरिडाची ही जात अंगाने अधिक थोर होणारी. तिची वाढ तेथील सौम्य हवेत झपाट्याने झाली आणि ती एका जलाशयातून दुसऱ्यात पसरली. याच जलाशयांत हिवाळ्यात नगरवासीयांच्या करमणुकीसाठी ट्राउट जातीचे मासे सोडण्याची प्रथा होती व आहे. हौदात दाणे खाऊन वाढलेले, शत्रू कसा असतो हे ठाऊक नसलेले, दहा-बारा इंचांचे हे गुबगुबीत मासे गाडीतून आणून पाण्यात ओतले जातात. पाहुण्यांसाठी वाढलेल्या पंगतीत यजमानाने न बोलावलेला कोणी येऊन बसावा, तसा म्हातारा बास तेथे हजर होतो. दिवसभर चिमुकले मासे टिपीत हिंडण्यापेक्षा एकच भला थोरला घास घ्यावा आणि दोन दिवस सावलीत पडून राहावे, हा हिशेब थोर माशाला परवडतो.

तेव्हा ट्राउटच्या मापाचे, ट्राउटच्या रंगाचे आमिष का करू नये, असे काही कारागिरांच्या मनात आले. अॅलन कोल यांनी लाकडाचा, मध्ये सांधा असलेला जो मोठा मासा कोरला तो ए. सी. प्लग या नावाने प्रसिद्ध झाला. पुढे मऊ रबरी अंगाचे मासे आले. केन हडलस्टन यांच्या ट्राउटची शेपटी तर पाण्यात इतक्या संथपणे हलते, की खरा आणि खोटा यांत काठावरून फरक करणे कठीण जाते. काही आमिषांना दोन किंवा अधिक सांधे असतात. काहींना एकच सांधा असतो आणि ती दोराच्या हलक्या झटक्याबरोबर डावी-उजवीकडे ऐसपैस वळणे घेत सरकतात. काही तरंगतात, काही बुडतात. बुडणाऱ्या आमिषांवर त्यांचा बुडण्याचा वेगही नोंदलेला असतो. कारण जलाशयाच्या तळाशी लगटून आमिष न्यावयाचे, तर ते किती वेळात किती खोल जाईल हे आधी समजले पाहिजे. असल्या आमिषाला साधी छडी चालत नाही. साडेसात-आठ फुटांची जाड काठी, मजबूत रीळ आणि वीस-पंचवीस पौंडांचा ताण सोसणारा दोर लागतो. गोव्याच्या खाडीत चोणकासाठी लाकडी मासा फेकणाऱ्या शौकिनांना ही सामग्री फारशी अपरिचित वाटणार नाही.

परंतु सामग्री घेतली म्हणजे मासा मिळाला असे मुळीच नाही. आणि दुकानदार जे सांगत नाही ते येथे सांगणे भाग आहे. मोठे आमिष फेकणारा मनुष्य बहुतेक दिवशी रिकाम्या हाताने घरी जातो. शेजारी बसलेला मुलगा गांडुळावर दहा मासे काढतो, आणि हा खांदा दुखेपर्यंत पावशेराचे लाकूड फेकीत राहतो. तळ्यातील शंभर माशांपैकी नव्वदांना हे आमिष गिळताच येणार नाही. ते असते उरलेल्या दहांसाठी, आणि त्या दहांपैकी आठ बहुधा ते पाहून केवळ मागे मागे येतात. आमिषाच्या पाठीमागे हातभर अंतरावर एक काळी सावली काठापर्यंत येते, क्षणभर थबकते आणि वळून निघून जाते. नवखा येथे निराश होतो. जाणता मात्र ती जागा लक्षात ठेवतो. ज्या माशाचा ठावठिकाणाच कोणास माहीत नव्हता, त्याने स्वतः होऊन आपले घर दाखविलेले असते. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे, किंवा आभाळ भरून येऊन वाऱ्याने पाण्यावर चुणी पडल्यावर, तो त्या जागी परत येतो.

शहराच्या तळ्यात चालण्याची रीतही निराळी. मासा काठाला लागूनच असतो, पण काठावर पावले वाजली की त्याला ती जाणवतात. पाण्यातील कंप टिपणारी एक रेषा माशाच्या कुशीवर असते. म्हणून पाण्यापासून चार पावले मागे उभे राहून, स्वतःची सावली पाण्यावर पडू न देता, काठाला समांतर असे आमिष फेकावे लागते. जेथे मासा असावा असे वाटते त्या जागेवर ते कधीही टाकू नये. त्याच्या पलीकडे टाकून शांतपणे तेथवर आणावे. पावसाळी नळाचे तोंड, पाण्यावर ओणवलेले झाड, पुलाचा खांब, या ठरलेल्या जागा. तेथे आल्यावर आमिष थांबवावे. पळणारा मासा अचानक थबकून मागे वळला तर शिकाऱ्याला निर्णय घ्यावा लागतो; आणि जो काही तडाखा बसावयाचा तो बहुधा त्याच क्षणी बसतो. पाच-सहा फेकींत काही घडले नाही तर त्या जागेस विसावा द्यावा. तेच ते आमिष तासभर त्याच माशापुढून नेले, तर मोठ्या आमिषाचेही लहान आमिषासारखेच होते: मासा त्यालाही ओळखू लागतो. कॅलिफोर्नियातील ज्या जलाशयांत ही आमिषे प्रथम गाजली, तेथील शौकीन आज हीच तक्रार करतात.

आणखी एक सावधगिरी उद्यानाच्या तळ्यात पाळावी लागते, तिचा माशांशी संबंध नाही. तीन काट्यांचे दोन मोठे गळ लावलेले पावशेर वजनाचे आमिष आठ फुटी काठीने फेकताना मागे कोण उभे आहे हे पाहिलेच पाहिजे. पाठीमागून बाबागाडी जात असते, धावणारे धावत असतात, मुले बदकांना पाव घालीत असतात. हा खेळ ओसाड अरण्यात करावयाचा असता तर गोष्ट वेगळी होती.

आता विक्रमांविषयी थोडे. कारण मोठ्या आमिषामागे मोठ्या माशाचे स्वप्न असते, आणि त्या स्वप्नाला एक ठराविक आकडा आहे. २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातील माँटगोमेरी लेक या नदीच्या जुन्या वळणातील पाण्यात जॉर्ज पेरी नावाच्या एका तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे १० किलो वजनाचा बास धरला. मंदीचे दिवस होते. पेरीने मासा तोलून घेतला आणि घरी नेला. घरच्या मंडळींनी तो खाल्ला. एका मासिकाच्या स्पर्धेत त्याला ७५ डॉलरांचा माल बक्षीस मिळाला, एवढेच. तो आकडा पुढे पाऊणशे वर्षे कोणाला ओलांडता आला नाही. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील कॅस्टेक जलाशयात बॉब क्रुपी यांना २२ पौंडांहून किंचित अधिक वजनाचा बास मिळाला, आणि तो त्यांनी पाण्यात सोडून दिला. अखेर २ जुलै २००९ रोजी जपानातील बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी पेरीच्या माशापेक्षा एका औंसाहूनही कमी फरकाने जड असा बास धरला. नियमाप्रमाणे जुना विक्रम मोडण्यास निदान दोन औंसांचे आधिक्य हवे. म्हणून तो विक्रम दोघांच्या नावे बरोबरीने नोंदला गेला.

येथे मोठ्या लाकडी आमिषांच्या भक्तांना थोडी अडचणीची वाटेल अशी गोष्ट आहे. कुरिता यांनी वापरलेले आमिष जिवंत ब्लूगिल मासा हे होते. क्रुपी यांनी वापरले ते जिवंत क्रेफिश, म्हणजे नांगीवाल्या झिंग्यासारखा गोड्या पाण्यातील जीव. कारागिराने कितीही कौशल्य खर्च केले तरी अगदी वरच्या पायरीवर अद्याप जिवंत आमिषच बसलेले आहे. आणि बिवातील ही कथा आणखी एका अर्थाने चमत्कारिक आहे. जपानात बास १९२५ मध्ये अमेरिकेतून आणला गेला. ब्लूगिल १९६० मध्ये तेव्हाचे युवराज अकिहितो यांना शिकागो शहराकडून भेट म्हणून मिळाला. दोघेही परके, दोघांनीही तेथील मूळच्या माशांचा फडशा पाडला, आणि २००७ मध्ये सम्राट अकिहितो यांनी त्या भेटीच्या परिणामांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. जपानात आज जिवंत बास एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेणे कायद्याने वर्ज्य आहे. तरीही तेथील शेतीच्या लहान लहान तळ्यांच्या काठी मोठी आमिषे फेकणारे जपानी शौकीन पुष्कळ आहेत, आणि त्यांनी घडविलेली सांधेदार आमिषे आता उलट अमेरिकेत जातात.

शहरी तळ्यातील सर्वांत प्रसिद्ध माशाची हकीकत मात्र कॅलिफोर्नियातील एस्कोंडिडो गावची आहे. तेथे नगरपालिकेच्या मालकीचा डिक्सन लेक नावाचा जलाशय आहे. विस्तार सुमारे ७० एकर, भोवती उद्यान, भाड्याच्या होड्या. इतक्याशा पाण्यावर जगातील उत्तमोत्तम गळवाल्यांची नजर लागलेली, आणि त्यात एक मासा वाढत होता. त्याच्या कल्ल्याखाली एक काळा ठिपका होता, म्हणून लोकांनी त्याला, किंबहुना तिला, कारण ती मादी होती, डॉटी असे नाव दिले. २००३ मध्ये जेड डिकरसन यांनी ती धरली तेव्हा तिचे वजन २१ पौंड ११ औंस भरले. त्यांनी ती सोडून दिली.

२० मार्च २००६ रोजी डिकरसन यांचे मित्र मॅक वीकली यांनी त्याच जलाशयात ती पुन्हा पाहिली. अंडी घालण्याचा हंगाम होता. मादी उथळ पाण्यात, आपल्या जागेवर घुटमळत होती. वीकली यांनी त्या दिवशी मोठे आमिष नव्हे, तर एक लहानसे पांढरे आमिष तिच्यापुढे टाकले. दोर हलला, त्यांनी झटका दिला, आणि मासा वर आला तेव्हा गळ तोंडात नव्हता. पाठीच्या बाजूला बाहेरून रुतलेला होता. हातातल्या काट्यावर तोलला तेव्हा वजन भरले २५ पौंड १ औंस. पेरीच्या विक्रमापेक्षा जवळजवळ तीन पौंड अधिक. ज्या आकड्यासाठी माणसांनी संसार बाजूला ठेवले, नोकऱ्या सोडल्या, तो आकडा होडीत पडला होता.

कॅलिफोर्नियाचा नियम असा, की ज्या माशाने स्वखुशीने आमिष तोंडात घेतलेले नाही, तो ठेवून घेता येत नाही. वीकली यांनी छायाचित्रे काढून घेतली आणि मासा पाण्यात सोडला. बातमी दोन दिवसांत देशभर पसरली. कोणी म्हणाले, गळ चुकून बाहेर लागला, हेतू शुद्ध होता, विक्रम मागावा. कोणी म्हणाले, अंड्यांवर बसलेल्या मादीला डिवचणे हाच मुळात अन्याय. वीकली यांनी विक्रमासाठी अर्ज केला नाही. संशयाचा डाग असलेला विक्रम त्यांना नको होता, असे त्यांचे म्हणणे पडले. या निर्णयात थोडा व्यवहारही असेल, कारण अर्ज फेटाळला जाण्याचा संभव होताच. पण होडीत पडलेला तो मासा पाण्यात परत जाईपर्यंतच्या त्या काही मिनिटांत त्यांनी जे केले, ते कोणत्याही नियमपुस्तकाच्या धाकाने करवून घेता आले असते असे वाटत नाही.

त्यानंतर दोन वर्षे डिक्सन लेकच्या काठी माणसांची रीघ लागली. दहा इंची ट्राउट, रबरी ट्राउट, सांधेदार ट्राउट, सर्व काही त्या ७० एकरांतून ओढून झाले. डॉटी पुन्हा कोणाच्या गळाला लागली नाही. मे २००८ मध्ये ती जलाशयात मरून तरंगताना आढळली. कल्ल्याखालचा काळा ठिपका पाहून तिची ओळख पटली. काट्यावर ठेवली तेव्हा तिचे वजन १९ पौंड भरले.